इस्त्रीखान्यातला गार चहा

अडतीस वर्षं एका चहाच्या गोदामात चहा चाखून सासरे निवृत्त झाले, पण त्यांची जीभ काही निवृत्त झाली नाही. घरात सूप असो की खोकल्याचं औषध, चमचा तोंडाशी जायचा, सुर्रकन आवाज व्हायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल लागायचा. मुलाने त्या निकालापुढे लहानपणीच हात टेकले होते. सून मात्र वेगळ्या मातीची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिसऱ्या मजल्यावर इस्त्रीखाना होता आणि तिथल्या बावीस बायकांची ती मुकादम. दिवसभर वाफेत उभं राहून आवाज चढवायची सवय, त्यामुळे कुणाच्या निकालाला घाबरणं तिला कधी जमलंच नाही.

गेल्या सोमवारी तिथे एक नवी मुलगी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये चादर सोडता सोडता खाली बसली ती उठेचना. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. असणार कुठून? तिसऱ्या मजल्यावरच्या नळाच्या पाण्याला ब्लीचचा वास यायचा, म्हणून बायका सकाळी दोन घोट प्यायच्या आणि घरी जाईपर्यंत तशाच राहायच्या. मुकादमबाई तडक लाँड्रीच्या साहेबांकडे गेल्या.

"सोड्याच्या बाटल्यांचं मशीन बसवतो," साहेब म्हणाले. "तळमजल्यावर जागा आहे."

"रोलर सोडून तीन जिने कोण उतरणार, साहेब? मी घरून गार चहा करून आणते. गवती चहा, पुदिना, आलं, लिंबू. टेबल तेवढं द्या, रोलरच्या शेजारी."

साहेबांना पाल्याचा चहा म्हणजे आजारी माणसाचं पेय वाटत होतं. तरी ते म्हणाले, "शुक्रवारी एक दिवस करून बघा. तीन वाजता पाळी संपेपर्यंत बायका पीत राहिल्या, तर टेबल कायमचं. नाहीतर सोमवारी मशीन येईल."

"पितील," बाई म्हणाल्या. आपला गार चहा त्या गेली सहा वर्षं दर उन्हाळ्यात करत होत्या. त्यात शंका घेण्यासारखं काय होतं?

गुरुवारी संध्याकाळी ही बातमी सासऱ्यांना कळली आणि सुनेच्या हातून स्वयंपाकघराचा ताबा गेला. चहाचं काम घरात निघालंय आणि आपण खोलीत बसायचं, हे त्यांना कसं सोसणार? त्यांनी वजनाचा जुना छोटा काटा बाहेर काढला. गवती चहाची पाती कात्रीने एकसारखी कापली, वजन केलं, पुदिन्याच्या काड्या वेगळ्या काढल्या, आल्याचे पातळ काप केले. पाण्याला उकळी येताच गॅस बंद करून पाला आत सोडला, झाकण ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. सुनेने दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी हात वर केला. मग गाळून झालं, चमचा भरला, सुर्र झालं.

"आता याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आल्याने पुदिन्याला खांद्यावर घेतलंय. बरोब्बर उतरलाय."

सुनेने एक उंच ग्लास बर्फाने भरला, त्यावर तोच चहा ओतला, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ आणि चमचाभर मध घातला. मिनिटभर थांबून घोट घेतला.

"बाबा, हे पाणी झालंय."

"काय?"

"पाणी. रोलरसमोरची बाई म्हणेल, पाणीच द्यायचं होतं तर त्याला लिंबू कशाला दाखवलंत?"

सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अडतीस वर्षं मी चहा चाखलाय. एका दिवसात तीनशे कप. तू मला सांगतेस?"

"तीनशे कप गरम, बाबा. बर्फ घातलेला किती वेळा चाखलात?"

 उत्तर सरळ होतं. एकदाही नाही, सुनेचाही नाही. गार चहा हा त्यांच्या लेखी विसरून राहिलेला चहा होता, आणि तो मोरीत ओतायचा असतो. थंडीने जीभ बधिर होते, बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून गरम असताना जो चहा नेमका लागतो तो बर्फावर बेचव होतो, हे त्यांच्या कामात कधी आलंच नव्हतं.

सुनेने नवीन आधण ठेवलं. पाणी निम्मं, पाला दुप्पट. तयार झाल्यावर सासऱ्यांनी न राहवून चमचाभर चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"हा काढा झाला. पिववत नाही."

"गरम प्यायचाच नाहीये. हा घ्या." तिने बर्फाचा ग्लास पुढे केला.

त्यांनी घोट घेतला. या वेळी आवाज झाला नाही. ग्लास ओट्यावर ठेवून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. सुनेला वाईट वाटलं, खूपच वाटलं. त्या माणसाकडे मिरवायला ती एक जीभ तर उरली होती. पण चहा आता बरोबर झाला होता, आणि तो बरोबर झालाय हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तो बदलला नाही.

शुक्रवारी सात वाजता दहा लिटरचा कॅन रोलरशेजारी टेबलावर बसला. पहिला ग्लास त्या नव्या मुलीला. तिने एका दमात संपवला आणि ओठ पुसत पुन्हा पुढे केला. मग अभ्र्यांच्या घड्या करणाऱ्या आल्या, गाऊनवाल्या आल्या, ज्यांना पुदिना आवडत नाही त्या दोघी सर्वांत जास्त वेळा आल्या. साडेदहाला कॅनची तोटी नुसतीच फुसफुसली.

अकराला साहेब वर आले आणि त्यांनी कॅन हलवून पाहिला. "संपला? मग तीन वाजेपर्यंत काय? मी पाळी संपेपर्यंत म्हणालो होतो, बाई. पुरत नसेल तर मशीनच बरं."

"बारापर्यंत दुसरा येतो," बाई म्हणाल्या. कुठून येणार, हे त्यांना त्या क्षणी माहीत नव्हतं, पण आवाज हलला नाही. साहेब वळताच त्यांनी घरी फोन लावला.

"बाबा, कॅन संपला."

 "सगळा?"

"थेंब नाही. अजून तेवढाच हवाय, बारापर्यंत. नाहीतर टेबल गेलं."

"पाला दुप्पट ना?"

एवढ्या वर्षांत त्यांनी सुनेला चहाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. "दुप्पट," ती म्हणाली.

"आणि बर्फावर चाखायचा. कळलं." फोन बंद झाला.

बाराला पाच मिनिटं असताना कपडे चढवायच्या मालाच्या लिफ्टचं दार उघडलं. आत सासरे, घामाघूम, पायाशी कॅन. घरचा बर्फ पहाटेच संपला होता. मग ज्या माणसाने शेजाऱ्यांकडे कधी काडेपेटी मागितली नव्हती, तो चार मजले फिरून दारोदार बर्फ मागत हिंडला होता. बाईंनी झाकण उघडलं. आत चौकोनी तुकडे होते, गोल होते, आणि कुण्या लहान मुलाच्या साच्यातले सात-आठ मासेही पुदिन्यात पोहत होते. बायका खदखदून हसल्या.

साहेबांनी स्वतः ग्लास भरून घेतला. प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. "फारच छान. आजोबा, तुम्ही या क्षेत्रातले दिसता."

सुनेला वाटलं, आता अडतीस वर्षं निघणार. निघाली असती तर तिने ती आनंदाने ऐकून घेतली असती.

"गरम चहातला होतो," सासरे म्हणाले. "हा मला येत नव्हता. काल सूनबाईने शिकवला. सध्या मी हिच्या हाताखाली शिकतोय."

ती नवी मुलगी ग्लास घेऊन पुढे आली आणि त्यांनी तो काठोकाठ भरून दिला. साहेब जाता जाता म्हणाले, "टेबल राहू दे इथेच."

मुकादमबाईंनी एकदम पाठ फिरवली आणि रोलरकडे बघत ओरडल्या, "काय उभ्या राहिलात? चादरी काय आपोआप आत जाणार आहेत?" त्यांना रडू आलं होतं, आणि ते बावीस जणींनी पाहिलं असतं तर सोमवारपासून त्यांचं कुणी ऐकलं नसतं.