लेवाच्या नावे तेवीस पत्रं

फिलिपोसाहेबांना मताईपद मिळालं आणि आपियाच्या पाणी तपासणी केंद्रात पुढचे तीन आठवडे पाणी सोडून सगळं तपासलं गेलं. आईकडच्या गावाने त्यांना कुळाचं प्रमुखपद दिलं होतं. बारीक विणीच्या चटया देऊनघेऊन झाल्या, डुकरं भाजून झाली, डबाबंद मांसाचे खोके वाटून झाले, आणि सोमवारी साहेब कामावर आले ते फिलिपो राहिलेच नव्हते. ते आता लेवाʼआ होते. दारावरची पाटी बदलली, शिक्के बदलले, पत्रांचे कागद बदलले. पहिली पाटी तर आल्या पावली परत गेली, कारण रंगाऱ्याने नावातली ती खूण गाळली होती. दोन ‘आ’च्या मध्ये टांगलेला तो इवलासा स्वल्पविराम म्हणजे तिथे घसा क्षणभर अडवून पुढचा स्वर सोडायचा.

“खूण आहे तोवर मी होडी आहे,” साहेबांनी रंगाऱ्याला सुनावलं होतं. “खूण काढलीस की काय उरतं? लेवा. म्हणजे होऊन बराच काळ लोटलेलं काहीतरी.”

लेवाʼआ म्हणजे होडी हे खरंच होतं. प्रयोगशाळेतल्या मासिनाने होडीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि पुन्हा बशीतले ठिपके मोजायला लागली.

मोजणं हेच तिचं काम. सुवाहून विज्ञानाची पदवी घेऊन ती आली त्याला दोन वर्षं झाली होती. दर बुधवारी अकरा गावांच्या टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. ते गाळायचं, गाळणीचा कागद बशीत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत उबवायचा आणि गुरुवारी सकाळी कागदावर उठलेले निळे ठिपके मोजायचे. ठिपका दिसला की समजायचं, पाण्यात कुठूनतरी शौचातली घाण उतरली. मोजून झालं की मासिना फोन उचलायची आणि अकराच्या अकरा गावांच्या महिला समित्यांना सांगायची. पाणी वाईट असलं तरी, चांगलं असलं तरी. एका गुरुवारीही तिने हे चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी डेंग्यूने फणफणली असताना अंथरुणातून फोन केले होते.

नव्या पदाची सवय झाल्यावर साहेबांच्या हे डोळ्यांवर आलं.

“पोरी, गावांना तू परस्पर फोन करतेस?”

“हो, लाउ अफिओगा,” ती म्हणाली. मताईंशी बोलताना हे म्हणावंच लागतं.

“मताई नाही, वय नाही, आणि गावाला सांगतेस नळ बंद करा म्हणून? गावाशी गावाच्या तोलाच्या माणसाने बोलायचं असतं. यापुढे इशारा फक्त मला येईल. मी गावच्या प्रमुखाला कळवीन, तो समितीला कळवील.”

“आणि तोवर मुलं काय पितील?”

“ईमेलला कितीसा वेळ लागतो?” साहेब म्हणाले. “यंत्रच पाठवील. पेसामिनोशी बोललोय मी.”

पेसामिनो केंद्रातले संगणक सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे ते बंद पडले की बंद करून पुन्हा चालू करायचा. तो साहेबांच्या मावसभावाचा मुलगा होता आणि कामाला लागण्यासाठी एवढं पुरलं होतं. शुक्रवारी तो पानिकेकेची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची, तेलकट पुडी घेऊन प्रयोगशाळेत आला आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकासमोर बसला. मासिना ठिपक्यांचे आकडे भरायची तो प्रोग्राम याच संगणकावर होता. या प्रोग्रामला ईमेल पाठवता येत नव्हती. पेसामिनो बसवणार होता तो दुसरा, लहानसा, फुकट मिळणारा प्रोग्राम. त्याचं काम टपाल्याचं: आकड्यांच्या प्रोग्रामने मजकूर हातात दिला की तो नेऊन पत्त्यावर टाकायचा.

टपाल्या कामावर रुजू होण्याआधी प्रश्न विचारत होता. पडद्यावर एकामागून एक चौकटी उघडत होत्या आणि पेसामिनो प्रत्येकीला एंटर मारत होता.

“वाचतोस तरी का?”

“वाचत बसणारे सुवाला परीक्षा देतात, मासिनाबाई. आम्ही कामं उरकतो.”

“आत्ता त्याने काय विचारलं ते सांग. सांगितलंस तर माझ्या वाट्याचे पानिकेके तुला.”

“विचारलं, करू का? मी म्हटलं, कर.”

“त्याने विचारलं, ज्या पत्त्यात सर्व्हरचं नाव नसेल ती पत्रं याच संगणकावर ठेवू का.”

“मग ठेवू दे की. जागा आहे भरपूर.”

मासिनाने आणखी काही म्हटलं नाही. हे तिला नंतर बरेच दिवस खुपलं. त्या वेळी तिला वाटलं होतं की या माणसाला शिकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याची फजिती पाहण्यात जास्त मजा आहे.

पेसामिनोने चाचणी म्हणून स्वतःलाच एक पत्र पाठवलं. खिशातला फोन वाजला. त्याने तो मशाल धरावी तसा उंच धरला.

“पोचलं. झालं काम.”

“साहेबांना पाठवून बघ.”

“साहेबांचा पत्ता नंतर टाकतो. त्यांना ‘चाचणी चाचणी’ असली पत्रं पाठवायची? पदाचा काही मान?”

सोमवारी त्याने पत्ता टाकला. खूण अर्थातच टाकली. साहेबांच्या मेलबॉक्सच्या नावातही ती त्यांनी हट्टाने बसवून घेतली होती. प्रयोगशाळेच्या फोनवर एक कागद चिकटवला गेला: ‘गावांना फोन करू नयेत. लेवाʼआ.’ खाली नवा शिक्का.

गुरुवारी अकरा वाजता मासिनाने फालेउता गावच्या शाळेची बशी भिंगाखाली घेतली आणि मोजलं. अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीस. एकही नसायला हवा होता. बाकी दहा बशा कोऱ्या होत्या. फालेउताच्या त्या टाकीवर ऐंशी मुलं पाणी प्यायची. तिने आकडा भरला. पडद्यावर उमटलं: ‘इशारा पाठवला. पोच मिळेपर्यंत दर तासाला पुन्हा पाठवला जाईल.’

तिचा हात फोनकडे गेला. चिकटवलेला कागद दिसला. हात मागे आला.

घाबरून आला असता तर गोष्ट वेगळी. मासिना साहेबांना घाबरत नव्हती. तिच्या डोक्यात एवढंच होतं की आता या माणसाला फालेउताच्या प्रमुखाला फोन करून, त्याच्या कुळाचा आणि पदाचा सगळा मानपान उच्चारून, शेवटी ‘तुमच्या पाण्यात घाण आहे’ हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. सांगू दे. तिने बशा धुतल्या, कोको प्यायली आणि बस पकडून घरी गेली.

शुक्रवारी सकाळी पडद्यावर तसंच होतं. ‘इशारा पाठवला’, दर तासाचा, रात्रभराचा. पोच नाही. शेवटचा नऊचा होता. ती साहेबांच्या खोलीत गेली.

“लाउ अफिओगा, फालेउताला कळवलंत ना?”

“काय कळवायचं?”

“कालचा इशारा.”

साहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला. मेलबॉक्समध्ये बढतीचं एक परिपत्रक होतं, चर्चच्या गायनवृंदाची एक सूचना होती, अभिनंदनाची चाळीस पत्रं होती. “बघ. इशारा नाही. म्हणजे अकराही गावं स्वच्छ. फोन बंद केल्यापासून कशी शांतता आहे.”

“फालेउताला अडतीस आले आहेत.”

“मग यंत्राने मला का सांगितलं नाही?”

“ते पेसामिनोला विचारते. तोवर मी फोन करू का?”

“यंत्राचं पत्र आलं की मी करीन,” साहेब म्हणाले. “कागदाशिवाय प्रमुखाशी काय बोलू? ऑफिसातली एक मुलगी म्हणते, असं?”

मासिना प्रयोगशाळेत आली, फोनवरचा कागद सोलून काढला आणि फालेउताच्या समितीचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. शाळेची सुट्टी साडेनऊला होते. नळाशी लागलेली रांग तिला दिसायला लागली. त्या रांगेत ती स्वतः सहा वर्षं उभी राहिलेली होती.

“पेसामिनो. इकडे ये. आत्ता.”

तो आला, पडदा वाचला आणि खूश झाला. “पाठवला, पाठवला, पाठवला. सगळे गेलेत. माझं काम चोख आहे.”

“गेले कुठे?”

“साहेबांकडे.”

“साहेबांकडे पोचले नाहीत. पाठवला म्हणजे टपाल्याने हातातून सोडला. कुठे सोडला ते तू बघितलंस?”

“तू नेहमी अशी शब्दात पकडतेस.”

“सरक.”

तिने पत्त्यांची फाइल उघडली. चार ओळी होत्या. टपाल्याला प्रत्येक पत्ता एकेरी अवतरणचिन्हांच्या आत हवा असायचा: एक चिन्ह सुरू करायला, एक बंद करायला. पेसामिनोने सुरुवातीचं चिन्ह टाकलं होतं. मग साहेबांचं नाव. आणि नावातली ती खूण, साहेबांचा सगळा मान जिच्यावर टांगलेला होता ती, हुबेहूब बंद करण्याच्या चिन्हासारखी होती. टपाल्याने खुणेपर्यंत वाचलं, पत्ता संपला असं मानलं आणि पुढचा ‘आ’, पुढचं सर्व्हरचं नाव, सगळं कचरा म्हणून सोडून दिलं. हातात राहिलं ते फक्त ‘लेवा’. सर्व्हरचं नाव नसलेला पत्ता. अशी पत्रं याच संगणकावर ठेवायला पेसामिनोने परवानगी दिलेलीच होती.

मासिनाने संगणकाच्या पोटातला तो कप्पा उघडला. लेवाच्या नावे तेवीस पत्रं. काल अकरापासून आज नऊपर्यंत यंत्र दर तासाला स्वतःलाच कळवत होतं की फालेउताचं पाणी पिऊ नका.

“अरे वा,” पेसामिनो म्हणाला. “म्हणजे पोचली होती.”

ती पुन्हा पत्त्यांच्या फाइलकडे वळली. एकेरी चिन्हं काढून दुहेरी टाकली, फाइल जतन केली. दोन कळा दाबण्याचं काम. तेवढ्यात फोन वाजला.

“मासिना का गं?” फालेउताच्या समितीच्या प्रमुख मिलियाना बोलत होत्या. गावातली सगळी मुलं त्यांना तिना, म्हणजे आई, म्हणायची. “तीनदा वाजवलास म्हणे. आम्ही विणकामाला बसलो होतो.”

“तिना, शाळेचा नळ बंद करा. लगेच. पाणी खराब आहे, न उकळता कुणालाही देऊ नका.”

“तो कालच बंद केला.”

मासिनाला कळेना. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही सांगितलं. म्हणून तर बंद केला. दोन वर्षं दर गुरुवारी तुझा फोन येतो, चांगलं असलं तरी येतो. काल आला नाही. दोनपर्यंत वाट पाहिली, मग मी टाकीला कुलूप घातलं. पोरं शहाळी पितायत, मजेत आहेत. दोघांची पोटं बिघडलीत, नर्सबाई येऊन गेली. उतरेल म्हणाली.”

अकरा ते दोन, मासिनाने मोजलं. तीन तास. सवयच तशी. त्या तीन तासांत टपाल्याचा, पेसामिनोचा आणि साहेबांचा वाटा किती हे तिला काढता आलं असतं. तिचा स्वतःचा वाटा मात्र न काढताच समोर होता.

“एवढी शिकलीस,” मिलियाना म्हणाल्या, “फोन करायला काय झालं होतं?”

“मनाई होती.”

“कुणाची?”

“लेवाʼआंची.”

“कोण, फिलिपो?” पलीकडे खुदकन हसू आलं. “त्याला माझ्याकडे दे. आमच्या टाकीत पोहायला उतरला होता लहानपणी, कानाला धरून बाहेर काढलाय मी.”

“नंतर देते, तिना. दोघांची नावं सांगा. संध्याकाळी मी येते, पाणीही पुन्हा घेऊन जाईन.”

तिने नावं लिहून घेतली आणि फोन ठेवला. दहाचा ठोका पडला तसं साहेबांचं दार उघडलं. हातात एक कागद होता, छापून घेतलेला, अजून गरम.

“आलं,” ते म्हणाले. “खुणेसकट. बघ, नाव कसं नीट छापलंय.” त्यांनी कागद उजेडात धरला. “आता मी फालेउताच्या प्रमुखांना रीतसर कळवतो. आधी मसुदा करावा लागेल.”

मासिना दुसरा नंबर फिरवत होती.

“कुणाला फोन करतेस?”

“बाकीच्या दहा गावांना, लाउ अफिओगा. त्यांचं पाणी चांगलं आहे.”

“चांगलं आहे तर फोन कशाला?”

“त्यांनीही कुलपं घातली असतील,” मासिना म्हणाली, आणि पलीकडून कुणीतरी फोन उचलला.