नानांनी बसवलेला खांदा

नाशिकचा माणूस समुद्रावर पोट भरतो, हे गल्लीत कुणाला पटायचंच नाही. प्रफुल्ल काय करतो असं कुणी विचारलं की त्याचे वडील, निवृत्तीनाना, "मालवणला असतो" एवढंच सांगायचे. समोरचा समजायचा, असेल एखाद्या हॉटेलात. खरं म्हणजे प्रफुल्ल तिकडे किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग शिकवायचा. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं, ते. नानांना त्याचा भारी राग. "गंगेत पोहायला मी शिकवलं, आणि हा गेला फळकुटावर उभा राहायला! अरे, पोहता येणाऱ्याला फळी कशाला लागते?"

नानांचं बोलणं कोण मनावर घेतो! पोरगा खूश होता. पावसाळ्यात समुद्र बंद, तेवढे चार महिने तो नाशिकला यायचा आणि ऑक्टोबर लागला की पिशवी भरून पळायचा. लाटेवर उभं राहिल्यावर डोक्यातला सगळा कचरा निघून जातो, असं तो आईला सांगायचा. आई म्हणायची, "मग माझ्यासाठी पण थोडं समुद्राचं पाणी आण."

तीन वर्षांपूर्वी एका लाटेनं त्याचा उजवा हात असा मागे पिरगाळला की खांदाच निखळला. तिथल्या डॉक्टरांनी बसवला, पण एकदा वाट सापडलेला खांदा घरात थांबतोय कशाला! गच्चीवर कपडे वाळत घालताना निखळला. झोपेत कुशीवर वळताना निखळला. आणि घरात नाना होते.

नाना म्हणजे तालमीतले जुने पैलवान. हाडं बसवण्यात पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणायचे, सगळ्यांच्या आधी नाना स्वतः. माणसाला जमिनीवर आडवं पाडायचं, त्याच्या काखेत टाच रोवायची, मनगट धरून झटका द्यायचा की खट्! दारात जमलेली माणसं "वा नाना!" म्हणायची आणि आई चहा टाकायची. प्रफुल्लचा खांदा त्यांनी असाच चार-पाच वेळा बसवला. दर खेपेला आतल्या खोबणीची कड थोडी झिजत होती, ती बाहेरून कुणाला दिसणार?

शेवटी एप्रिलमध्ये प्रफुल्लनं ऑपरेशन करून घेतलं. नानांनी आठवडाभर तोंड फुगवलं. "मी जिवंत असताना चिरफाड?" डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने झटका नाही, वजन नाही, पाणी तर अजिबातच नाही. आत शिवलेलं एकदा उसवलं की पुन्हा जमेलच असं नाही. प्रफुल्लनं अक्षरशः व्रत धरलं. खिडकीच्या गजाला रबराचा पट्टा बांधून तो इंच इंच ओढायचा. भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायचा आणि जिथवर पोचली तिथं पेन्सिलीची खूण करायचा. रात्री उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. ऑगस्टपर्यंत खुणा कपाळाच्या वर गेल्या होत्या. मालवणहून फोन आला, तुझा बोर्ड पुसून ठेवलाय म्हणून, तेव्हा गडी लहान मुलासारखा रडला.

आणि नेमका तेव्हाच गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पूर आला.

नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की अख्खं नाशिक पुलावर जमतं. पोलीस शिट्ट्या मारत राहतात आणि उड्या मारणारे उड्या मारत राहतात. या घराची तर रीतच होती. घरातल्या एका पुरुषानं नारळ घेऊन पुलावरून उडी घ्यायची, मधल्या धारेत गंगेला नारळ द्यायचा आणि खालच्या घाटावर निघायचं. आजोबांनी केलं, नानांनी केलं, गेली पाच वर्षं प्रफुल्ल करत होता.

"चल," नाना नारळ हातात घेऊन म्हणाले.

"नाना, यंदा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"एका नारळानं काय होतंय रे? लोक विचारतील, पोरगं कुठंय?"

"विचारू देत. हा हात गेला तर माझा समुद्र गेला, नाना. मला दुसरं काही येत नाही."

नाना धोतर खोचत म्हणाले, "मग मी हाये अजून."

सहासष्टाव्या वर्षी! आईनं हाताला धरलं, प्रफुल्लनं आडवं येऊन बघितलं, पण ऐकतील ते नाना कसले. पुलावरून उडी मात्र अशी घेतली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. नारळही दिला. पण वरून पाणवेलींचा एक मोठा गठ्ठा वाहत आला आणि नानांच्या पायात गुंतला. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. घाटावरून धावणाऱ्या प्रफुल्लला बापाचे डोळे दिसले. नाना घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्यांना घाबरलेलं बघितलं. त्यानं उडी मारली.

डाव्या हातानं त्यानं नानांची मान धरली, म्हणजे पोहायला राहिला उजवा. खांद्यात आग होत होती तरी तो हात मारत राहिला. घाटाजवळच्या बुडालेल्या देवळाच्या खांबाला त्यानं कोपरानं विळखा घातला, तेवढ्यात दोघांचं वजन धारेनं मागे खेचलं. खांदा निखळला. तो किंचाळला, पण विळखा सोडला नाही. लोकांनी दोर टाकून दोघांना वर घेतलं.

पायऱ्यांवर नानांनी भडाभडा पाणी ओकलं. मग वळून पाहिलं, तर पोराचा खांदा लोंबतोय. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला हो! इतका वेळ शरमेनं मान खाली होती, आता करण्यासारखं काहीतरी सापडलं. "थांब बाळा, आत्ता बसवतो."

"नाना, नको! हात लावू नका! बोटं हलतायत अजून, दवाखान्यात न्या मला!"

"अरे, मी बसवलाय ना दर वेळी!" जमलेल्यांतल्या दोघांनी प्रफुल्लचे पाय दाबून धरले. ओल्या टाचेनं काख दाबली गेली. एक झटका. दुसरा. तिसऱ्याला काहीतरी वाजलं, पण ते नेहमीचं खट् नव्हतं. जमलेल्या लोकांनी "वा नाना!" केलं. प्रफुल्लनं बोटं हलवून पाहिली. ती हलेनात.

दवाखान्यात नाना चहा आणायला खाली गेले होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "निखळला होता तोवर मी सांभाळलं असतं. पण नसा तुटल्यात. झटके देऊन ओढलाय कुणीतरी. कुणी ओढला?"

दारात नानांच्या वहाणा वाजल्या. "पाण्यानं," प्रफुल्ल म्हणाला.

त्यानंतर नानांचं एकच चालू झालं. भेटेल त्याला सांगायचे, "पोरानं मला काढलं आणि मी त्याचा खांदा बसवला. फिट्टंफाट! नसा पाण्यानं नेल्या, त्याला आपण काय करणार?" रोज सकाळी त्या मेलेल्या हाताला तेल चोळायचे. प्रफुल्ल भिंतीकडे तोंड करून बसायचा. पेन्सिलीच्या खुणा तिथंच होत्या. ऑक्टोबरात मालवणहून विचारणा आली, कधी येतोस? "बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि दिवसभर जेवला नाही. बापाचा त्याला इतका राग यायचा की भीती वाटायची. पण म्हाताऱ्याला सांगून काय मिळणार होतं? हात थोडाच परत येणार होता!

दिवाळीच्या आधी शेजारच्या लताबाई माळा झाडताना शिडीवरून पडल्या. जावयानं त्यांना धरून दारात आणलं. खांदा खाली सरकला होता. "नाना, बसवून द्या हो," त्या कळवळल्या.

नानांनी तळहातांना तेल लावलं. "आडव्या व्हा. चिमूटभर काम." त्यांनी टाच पुढे केली.

प्रफुल्ल उठला आणि मध्ये उभा राहिला. "रिक्षा बोलवा. यांना दवाखान्यात न्या."

"बाजूला हो रे! मी काय आज बसवतोय?"

"नाना, माझा हात पाण्यानं नाही गेला. तुम्ही ओढलात, तेव्हा गेला."

"डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टरांनी मला विचारलं, कुणी ओढला. पाण्यानं, हे मी सांगितलं."

जावयानं लताबाईंना सावकाश बाहेर नेलं. आई चहाला आधण ठेवायला उठली होती, ती तिथंच खाली बसली.

नाना प्रफुल्लजवळ आले. त्यांनी तो लोंबता हात आपल्या दोन्ही तेलकट हातांत घेतला आणि दाबला. मग आणखी जोरात दाबला, स्वतःच्या मनगटाच्या शिरा ताठ होईपर्यंत.

"दाबतोय मी," ते म्हणाले. "कळतंय का?"

"नाही, नाना."