उशीखालचा अडकित्ता

उशीखाली काहीतरी टोचत होतं — शेषेरावांनी हात घातला तेव्हा बोटांना गार लोखंड लागलं, मग दोन दांडे, मधलं झिजलेलं पातं... बायकोचा, कस्तुराबाईचा अडकित्ता. आजारी माणसाच्या उशाशी लोखंड असावं, ही तिच्या माहेरची रीत. आणि सकाळीच सिस्टर बजावून गेली होती, खाटेवर लोखंडाचं काही ठेवू नका, आज चुंबकाचं काम आहे.

चुंबकाचं काम. एवढंच. नांदेडला मनगटातून घातलेली तार हृदयाजवळच्या वळणावर अडली, पुढे जाईना, म्हणून लातूरला आणलं. इथे टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोठे चुंबक आहेत म्हणे. पण ते करतात काय, तार वळते कशी — हे विचारलं तेव्हा त्या तरुण डॉक्टराने मोबाइलवरची नजरसुद्धा उचलली नाही. "काका, ते तुम्हाला नाही कळायचं. मुलाला सांगितलंय सगळं." आणि शिवशंकरने, ज्याला उत्तर-दक्षिण ध्रुव मीच शिकवले त्या माझ्या मुलाने, मान डोलावली. "अण्णा, तुम्ही निवांत पडा." संमतीच्या कागदावर सहीही त्यानेच केली. मी शुद्धीवर आहे, माझा हात धड आहे, हृदय माझं आहे — आणि सही त्याची...

नाही कळायचं. अहमदपूरच्या शाळेत कागदावर लोहकीस पसरायचा, खालून चुंबक फिरवायचा, की कीस उभा राहायचा, वळायचा. मागच्या बाकावरची मंजुश्री एकदा म्हणाली होती, "सर, त्याला डोळे हायत का?" पोरं हसली. शेषेराव हसले नव्हते. डोळे नाहीत तर दिशा कळते कशी, हे तिच्या डोक्यात उतरेपर्यंत पुढचा धडा उघडला नव्हता... आणि या डॉक्टराला दोन वाक्यं जड झाली. छातीत कळ आली की राग, हे त्यांना नीट ओळखता येईना.

कस्तुराबाई पाण्याची बाटली भरून आली. त्यांच्या हातातला अडकित्ता पाहून थबकली.

"ठिवा की वो उशीखाली. राखण हाय ती."

"न्यावा लागंल बाहेर. बस, सांगतो."

ती बसली. त्यांनी तिचा हात पालथा केला, मनगटापासून वर बोट नेलं. तारेच्या टोकाला चुंबकाचा बारका तुकडा असणार... बाहेरचे मोठे चुंबक फिरले की टोक तिकडे वळणार, मग मागून हळूच पुढे सारायचं. तिला सांगता सांगता त्यांनाच उलगडत गेलं. आवाजात वर्गातली ती जुनी लय आली. जवळ लोखंड असलं तर ते चुंबक त्यालाच ओढतील, म्हणून नको.

"म्हंजी आत हात न लावता वळवायची?"

"हाव."

ती विचारात पडली. "अन् तरी न्हाईच वळली तर?"

आज दिवसभरात हा प्रश्न शेषेरावांनी कुणाला विचारला नव्हता. वळते कशी, वळते कशी — एवढंच घोकत राहिले होते. त्यांनी तो डॉक्टर आठवून पाहिला, ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं: नाही कळायचं... शब्द नुसतेच आले, मागून राग आला नाही. राग होता तोवर दुसऱ्या कशाला जागा नव्हती. आता सगळी जागा मोकळी होती, आणि तिथे ते वळण होतं, अंधारातलं, त्यांचंच.

बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरत दाराशी थांबली. कस्तुराबाईने शहाण्या विद्यार्थिनीसारखा हात पुढे केला.

"द्या. समजलं मला."

समजलं होतं त्यांनाही. फक्त बोटं अडकित्त्यावरून सुटत नव्हती.