धर्मेंद्रचा नकार

वीरेंद्रच्या मुदतपूर्व सुटकेला चंद्रकुमारच्या आईने संमती दिली. वीरेंद्रच्या सख्ख्या धाकट्या भावाने, धर्मेंद्रने, नकार दिला. चंद्रकुमारचा खून वीरेंद्रने केला होता.

खून ग्रामपंचायत निवडणुकीच्या निकालाच्या संध्याकाळी झाला, कुऱ्हाडीने. त्यानंतर धर्मेंद्रने भावाचा गट सोडून मेलेल्याचा गट धरला आणि चंद्रकुमारच्या आईची, सुलोचनाबाईंची, धानाची बांधी कसायला घेतली. त्याला कोणी सांगितले नव्हते. बारा वर्षे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आधी त्यांच्या बांधीत व्हायचा, मग त्याच्या स्वतःच्या. पुढे त्याच गटातून तो पंचायतीचा सदस्य झाला.

आता तुरुंगाने सुटकेबाबत पंचायतीमार्फत गावाचे मत मागवले होते. वीरेंद्रच्या जुन्या गटातला इश्वर विरोधकांच्या, म्हणजे चंद्रकुमारच्या गटाच्या, दारोदार फिरला. त्यांची अट एकच होती: आमच्या सगळ्या सदस्यांचे एकमत झाले, तरच होकार. ते एकमत धर्मेंद्रपाशी अडले. म्हणून इश्वर चपला हातात घेऊन सुलोचनाबाईंच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभा होता आणि धर्मेंद्र चिखलात वाकून रोपे लावत होता.

"तुह्या गटाचे लोक मले चहा पाजून राहिले, आन् तू सख्खा भाऊ असून पाठ दाखवतेस का बे?"

"आज याले माफी द्या, उद्या दुसरा कुऱ्हाड उचलन. धाक राहीन का मंग?"

"जवानी गेली त्याची जेलात. आनखी केवढा धाक पायजे तुले?"

"गावात भांडनं होतीन."

"कोनासंग? ज्यायच्यासंग व्हायचे, ते त हो म्हनून राहिले."

दोन्ही कारणे टिकली नाहीत, हे धर्मेंद्रला कळले. तिसरे शोधूनही सापडेना. भावाची भीती त्याला नव्हती. घरात वाटणीचा तंटा नव्हता. तरी 'हो' म्हणायला तो तयार नव्हता.

तेवढ्यात सुलोचनाबाई शिदोरी घेऊन आल्या. डबा धुऱ्यावर ठेवून त्यांनी विचारले,

"धर्मा, वीरेंद्रले अंबाडीची भाजी चालते का रे?"

धर्मेंद्रचा हात थांबला. त्याला स्वतःला अंबाडी आवडत नसे. इतकी वर्षे याच धुऱ्यावर बसून तो ती खात आला होता.

"चालते," तो म्हणाला.

"मंग परसात आनखी पेरून ठेवतो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

इश्वरला राहवले नाही. "काकी, तुमाले राग नाही येत त्याचा?"

"येते ना बाप्पा. म्हनून त बोलावून राहिलो. तिकडे बसून तो माह्या काय कामाचा? माह्या चंदूची जागा रिकामी केली त्यानं. त्यानंच येऊन भरावं. मी कवापर्यंत रिकामी ठेवू?"

"आन् हा धर्मा?"

"धर्मा त गुनाचा पोरगा हाय. पन पराया मानसाले किती राबवावं? त्याले आता आपली बांधी पाहू दे."

त्या हे मायेनेच म्हणाल्या आणि डबा उघडू लागल्या. धर्मेंद्र गुडघाभर चिखलात उभा होता, त्या रिकाम्या जागेत. हातातली पेंढी त्याने पूर्ण लावून संपवली, ओळ चुकू न देता. मग कंबर सरळ केली.

"इश्वरभाऊ, माहं हो म्हनून सांगा तिकडे."

"आता कायले? इतका वेळ त..."

"सांगा म्हनलं ना."

इश्वर चपला हातातच घेऊन निघाला; धर्मेंद्रचा विचार बदलायच्या आत त्याला पंचायत गाठायची होती. धर्मेंद्रने हात धुतले आणि अंबाडीची भाजी मुकाट्याने खाल्ली. आपल्या नकाराचे कारण त्याला सापडले होते, आणि त्या कारणासाठी भावाला कोंडून ठेवणे त्याला शक्य नव्हते. धाक आणि भांडणे या नंतर सुचलेल्या गोष्टी होत्या. सुलोचनाबाईंनी खुन्याला मुलाची जागा देऊ केली होती, आणि ती जागा धर्मेंद्रला स्वतःला हवी होती.