चारशे बारा कैलासवासी

मंगळवारी सकाळी साडेदहाला पेणच्या बाळ सरांनी घराण्यातले चारशे बारा पुरुष एका बटणात मारले. त्यात ते स्वतःही होते, पण ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मारायचा होता खरं तर एकच. ठाण्याचे मधुकरकाका शनिवारी वारले, तेव्हा कुलवृत्तांताच्या फायलीत त्यांच्या नावामागचं 'श्री.' काढून 'कै.' घालायचं, एवढंच काम. शब्द बदलायची खिडकी सुश्रुतने, म्हणजे सरांच्या पुण्यातल्या मुलाने, फोनवर शिकवली होती. तिथे 'बदला' आणि 'सर्व बदला' अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने दुसरं दाबलं, फाईल सेव्ह केली, कारण सेव्ह करायला विसरायचं नाही हेही सुश्रुतनेच शिकवलं होतं, आणि लॅपटॉप मिटून ते आंघोळीला गेले. बायका 'सौ.' किंवा 'श्रीमती' असल्यामुळे तेवढ्या वाचल्या.

बुधवारी त्यांनी आपलीच नोंद वाचली : 'कै. बाळ, निवृत्त शिक्षक, पेण.' आधी पत्ता बरोबर छापला जाणार याचं त्यांना समाधान वाटलं. मग पंखा सुरू असूनही घाम आला.

उलट बदल करायचीही सोय नव्हती. तसं केलं असतं तर सतराशे ऐंशी सालचे मूळपुरुषही 'श्री.' होऊन रोह्याच्या कुलसंमेलनात चहाला हजर झाले असते. खरे गेलेले आणि सरांनी घालवलेले आता एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदत होते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर इकडच्या शाखांत कोण आहे आणि कोण नाही, हे सबंध घराण्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. रोह्याची सरोजिनी आत्या, वय एक्याण्णव. दिवाळीत सलग सहा दुपारी तिने तोंडपाठ सांगितलं आणि सरांनी ते थेट लॅपटॉपवर उतरवलं. कागद वापरला नाही, याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता.

संमेलन अकरा दिवसांवर आलं होतं आणि छापखान्याला फाईल सोमवारी द्यायची होती. सरांनी धीर करून रोह्याला फोन लावला.

"आत्या, यादी जरा बिघडली. सगळेच गेलेत."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे… मीसुद्धा."

आत्या म्हणाली, "हे बघ बाळ, गेलेली माणसं मी दोनदा मोजत नाही. एकदा सांगताना सहा दिवस जेवण गेलं नाही मला. होती तशी यादी आण आणि छापायच्या आधी मला वाचून दाखव." फोन बंद.

सुश्रुतने पुण्याहून धीर दिला. "बाबा, विंडोज स्वतःच जुन्या प्रती ठेवतं. फायलीवर उजवं क्लिक करा, जुन्या आवृत्त्या दिसतील." सरांनी केलं. जुन्या आवृत्त्या उपलब्ध नाहीत, असं अत्यंत सभ्य भाषेत लिहून आलं.

मग ते लॅपटॉप पिशवीत घालून एसटी स्टँडमागे वनिता वाघमारेच्या दुकानात गेले. वनिता त्यांची विद्यार्थिनी. गागोद्याजवळच्या वाडीवरून चालत शाळेत यायची. पुढे डिप्लोमा केला, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर चार वर्षं काढली आणि आता लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही, जे येईल ते दुरुस्त करायची.

"बसा सर. नाय, खुर्चीत बसा. बाकावर बसून आमचं वय गेलं." तिने लॅपटॉप उघडला. "बाहेरचं काय बॅकअपचं टाकलेलंत काय?"

"सुश्रुतने टाकलं होतं जानेवारीत. महिनाभर फुकट होतं. मग रोज सकाळी लाल खिडकी यायची : तुम्ही सुरक्षित नाही. सकाळी सकाळी कोणी असं बोलतं का? मार्चमध्ये काढून टाकलं."

"तिथंच घोळ हाय. ते आलं तेव्हा विंडोजच्या बॅकअपला बोललं, तू गप बस, आता मी बघतो. जाताना त्याला उठवून जायला नको?"

"नाही उठवलं?"

"ते कशाला उठवेल? नि तुम्ही पण नाय उठवलंत."

"मला वाटलं, हे गेलं की तो आपणहून उठेल."

"नववीत मला पण वाटायचं, वजाबाकी केली की हातचा आपणहून परत जाईल," वनिता म्हणाली. आजवर असली वाक्यं सरच दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

तिने आतल्या सेवांची लांबलचक यादी उघडली. जुन्या प्रती ठेवणाऱ्या 'फाईल हिस्टरी'पुढे 'बंद' लिहिलं होतं, ते 'आपोआप' केलं. तरीही बॅकअपचं पान करडंच राहिलं, क्लिक लागेना. "बघितलंत? जाताना कुलूप घालून गेलंय." मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या वहीत शिरून तिने त्या निघून गेलेल्या पाहुण्याने मागे ठेवलेली एक नोंद शोधली. आधी तिची प्रत काढून ठेवली, मग ती पुसली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पान उजळलं.

"आता डिस्क द्या."

"कोणती डिस्क?"

"जानेवारीपर्यंत प्रती कशावर जात होत्या?"

काळी डिस्क घरी कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होती. सर रिक्षाने गेले आणि त्याच रिक्षाने परत आले. डिस्क लावताच विंडोजने विचारलं, हिच्यावर आधीचा बॅकअप दिसतोय, तोच पुढे चालवायचा का? वनिताने हो म्हटलं. एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"उघडा डोळे. आठ जानेवारी, संध्याकाळी पाच."

दिवाळीच्या सहाही दुपारी त्या प्रतीत होत्या. जानेवारीनंतरची दोन बारशी, एक लग्न आणि बिचारे मधुकरकाका एवढंच नव्याने घालायचं होतं. 'श्री. बाळ, निवृत्त शिक्षक, पेण' हे सरांनी दोनदा वाचलं.

"अभिनंदन सर. उठलात."

ते निघायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. एक खोटी फाईल करायला लावली, पुसायला लावली, परत आणायला लावली. "ताळा केल्याबिगर उत्तर लिहायचं नाय. तुम्हीच सांगायचात."

शनिवारी दुपारी सर रोह्याला आत्यासमोर बसून वाचत होते. आत्या डोळे मिटून ऐकत होती आणि प्रत्येक नावाला मान हलवत होती. ग्वाल्हेर झालं, इंदूर झालं. बडोद्याला सरांनी वाचलं, "कै. दिगंबर विष्णू, रेल्वेत नोकरी, निधनवर्ष माहीत नाही."

मान हलली नाही.

"पुढे वाचू?"

"थांब. तो आहे."

"कोण आहे?"

"दिगू. जिवंत आहे. निदान मागच्या वर्षापर्यंत तरी होता."

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "अगं, तूच सांगितलंस दिवाळीत! कैलासवासी म्हणून!"

"सांगितलं. यजमान गेले तेव्हा सख्ख्या भावासारखा चुलतभाऊ समाचाराला आला नाही. दोन ओळींचं पत्र नाही. त्या दिवसापासून माझ्या लेखी गेला."

"त्याला सव्वीस वर्षं झाली, आत्या. आणि मी हे छापणार होतो!"

"तू छापशील म्हणूनच तर सांगितलं." आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "पण परवा तू फोनवर म्हणालास ना, सगळेच गेले? तेव्हा एवढ्या गोतावळ्यात मला पहिला तोच आठवला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

सरांनी नोंदीवर बोट ठेवलं. "मग काय लिहू?"

"मला काय विचारतोस? विचार त्यालाच. कॅलेंडरच्या मागे नंबर आहे, त्याच्या नातसुनेचा."

सरांनी नंबर लावला. "दिगंबर विष्णू आहेत का?" त्यांनी शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं.

"आजोबा ना? आहेत की. झोपाळ्यावर बसलेत. थांबा, देते."

"स्पीकरवर टाक," आत्या म्हणाली.

"तू बोलणार आहेस?"

"मुळीच नाही. मला ऐकायला कमी येतं, म्हणून."

पलीकडे चपला घासत कोणीतरी आलं, खाकरलं आणि म्हणालं, "हां, कोण?" आत्याने बाळच्या हातातून फोन काढून घेतला.

"दिगू, समाचाराला का आला नाहीस रे?"