दर क्रेटला दोन तळहात

आमच्या अंबडच्या कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, मशीन सुरू करण्याआधी प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं असायचं. रंगनाथभाऊ साच्याला उजवा हात लावून तो कपाळाला लावायचे. सुरगाण्याची संध्या मशीनच्या पायाशी वाकायची. मी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणायचे आणि मगच बटणांवर हात ठेवायचे. कुणी म्हणेल, लोखंडाला कसले नमस्कार करता? त्याला म्हणावं, ये बाबा, एक पाळी बस या लोखंडासमोर. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा बटणं, धाड. थोड्या वेळात माणसाचं डोकं घरी पोहोचतं, गॅसवरच्या दुधापाशी नाहीतर पोरीच्या परीक्षेपाशी, आणि हात एकटेच मशीनवर राहतात. ते एकटे राहिले की कधी दगा होईल सांगता येत नाही.

मी माजिदा, राहणार वडाळा नाका. माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण ज्या माणसाने मला प्रेस शिकवली त्याच्यापुढे ती कधी चालली नाही. मी नवीन होते, साडीचा पदर खोचून आले होते, तेव्हा रंगनाथभाऊंनी मला मशीनवरून उठवून परत घरी पाठवलं होतं. "उद्या पंजाबी ड्रेस घालून ये, ओढणी घरी ठेव. मशीनला कापड आणि माणूस यातला फरक कळत नाही," म्हणाले. मी रागाने लालबुंद झाले होते. आज त्यांच्यामुळेच माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत.

आणि त्यांचीच दोन गेली.

झालं असं. प्रेसला दोन बटणं असतात, ती कशाला? तर दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात साच्याखाली राहू शकत नाही. पण रात्रपाळीतल्या कुणीतरी, हात मोकळा राहून काम लवकर उरकावं म्हणून, उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली होती आणि ती काढायची विसरला. मशीनही चालूच सोडली होती. सकाळी रंगनाथभाऊ आले. रोजच्यासारखे वाकले, उजवा हात साच्याला लावायला आत घातला, आणि वाकताना डाव्या हाताचं कोपर डाव्या बटणावर टेकलं. उजवं आधीच दाबलेलं होतं. मी शेजारच्याच मशीनवर होते. धाड. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. नमस्कार करताना गेलं, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

आमचे मालक सनीशेठ, वय लहान, बापाच्या माघारी कारखाना सांभाळतात. माणूस वाईट नाही. बटण दुरुस्त केलं, साच्यापुढे पत्रा सरकेल एवढीच फट ठेवून लोखंडी जाळी बसवली, दवाखान्याचं सगळं बघितलं. आणि मग सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून मशीनला नमस्कार, अगरबत्ती, दुवा, काहीही नको. आलात, बसलात, काम सुरू. देवधर्म घरी."

शेठचं चुकलंय असं म्हणायला मला तोंड कुठे होतं? त्या नमस्कारानेच तर हात आत गेला होता.

पण पुढच्या काही आठवड्यांत शॉपची तऱ्हाच बदलली. लोक मोबाइल खिशात टाकत टाकत मशीनवर बसायला लागले. चहावरून बोलत बोलत यायचे आणि तसंच बोलत बोलत बटण दाबायचे. संध्याने एकदा साच्यात पत्रा उलटा ठेवला, साचा दणकन वाजला, आणि ती कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "कुठं होतीस गं?" ती म्हणाली, "काय म्हाईत आपा. आले कधी अन बसले कधी, तेच ध्यानात नाय." जाळी हाताला अडवते, मान्य. भरकटलेल्या डोक्याला कोण अडवणार? मला भीती वाटायला लागली आणि भीती वाटली की मला राग येतो.

त्यातच कळलं की रंगनाथभाऊ सोमवारी परत येणार आहेत. सनीशेठ म्हणाले होते, अर्धा दिवस प्रेसवर बसून दाखवा. जमलं तर तुमची मशीन तुमची, नाहीतर गेटवर खुर्ची टाकून देतो. शेठला वाटलं आपण उपकार करतोय. रंगनाथभाऊंना गेटवर बसवणं म्हणजे त्यांना जिवंतपणी फोटोत बसवण्यासारखं आहे, हे शेठला कोण समजावणार?

रविवारी मी सिडकोत त्यांच्या घरी गेले. भाऊ खाटेवर बसले होते, उजवा हात शालीखाली. चहा डाव्या हाताने घेतला. मी म्हटलं, "उद्या येताय ना?" तर म्हणाले, "येतो. पण गेटच बरं, माजिदा. बटणाचं नुसतं मनात आलं तरी हात कापतो."

वहिनी दारातून म्हणाल्या, "कापणार नाही तर काय होईल? स्वतःचा हात बघतच नाहीत. इतकी वर्षं सकाळी डोळे उघडले की आधी दोन्ही तळहात बघायचे, मग पाय जमिनीवर. तेही सोडलं. मलम लावताना भिंतीकडे तोंड करतात."

"बघायला आता राहिलंय काय?" भाऊ म्हणाले.

मी चप्पल घातली आणि निघाले.

घरी येऊन संध्याकाळची, मगरिबची नमाज पढले. दुवेसाठी हात उचलले आणि तिथेच थांबले. माझे दोन्ही तळहात माझ्या तोंडासमोर होते. दहा बोटं. रोज उचलते, पण बघितलं कधी? तोंड पुटपुटत असतं आणि मन बाजारात असतं. आणि तिकडे रंगनाथभाऊ रोज सकाळी खाटेवर बसून हेच करायचे, फक्त नाव वेगळं. मी तशीच बसून राहिले. दोन्ही हात डोळ्यांसमोर असले, तर ते साच्यात असूच शकत नाहीत. एवढी साधी गोष्ट! नमस्कार वाईट नव्हता. तो हात आत घालून करत होतो, तिथे चुकत होतं.

सोमवारी पाळीच्या आधी मी सनीशेठची केबिन गाठली.

"आपा, पुन्हा तेच?" ते म्हणाले. "मी सांगितलंय ना, देवधर्म नको."

"देवाचं नाव कोण घेतंय? पत्र्यांची दर क्रेट सुरू करायच्या आधी मी माझे दोन्ही हात वर घेऊन बघणार. स्वतःचे हात बघायला बंदी आहे का?"

"दर क्रेटला? वेळ जाईल."

"रंगनाथभाऊंच्या वेळी मशीन किती तास बंद होती?"

शेठनी टेबलावरचं रजिस्टर पुढ्यात ओढलं. नाही म्हणाले नाहीत, ते मी हो समजले. आमच्याकडे असंच चालतं. बाहेर येऊन संध्याला सांगितलं, ती लगेच तयार झाली. "आपा, कणसरीचं नाव घेतलं मनात तर चालंल?" तिच्या गावाकडे धान्याच्या देवीला असं म्हणतात. मी म्हटलं, "मनात कुणाला बसवायचं ते तुझं तू बघ. हात मात्र मला दिसले पाहिजेत."

रंगनाथभाऊ आले. दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे. उजवा मोजासुद्धा भरलेला दिसत होता, पाचही बोटं. जवळ आले तेव्हा कळलं, दोन बोटांत कापसाचे बोळे कोंबले होते. ते मशीनवर बसले, शेठ बाजूला येऊन उभे राहिले.

भाऊंनी पत्रा ठेवला, हात बटणांवर नेले. दाबलं. मशीन हललीच नाही. दुरुस्तीनंतर आता दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात, आणि त्यांचा उजवा हात मागे राहत होता. पुन्हा दाबलं. काही नाही. त्या कापसाच्या बोटांना बटण कुठून लागणार? तिसऱ्यांदाही तेच. शेठ हळूच म्हणाले, "राहू द्या काका. गेटवर बरं पडेल तुम्हाला."

मी माझ्या मशीनवरून हात उचलले, दोन्ही तळहात तोंडासमोर धरले आणि बघत राहिले. पलीकडे संध्यानेही तसंच केलं. मी मोठ्याने काही म्हटलं नाही, पण भाऊंकडे असं टक लावून बघितलं की त्यांना नजर चुकवता येईना. मनात म्हणत होते, बघा. एकदा बघा स्वतःकडे.

त्यांनी मान फिरवली. मग पुन्हा आमच्याकडे बघितलं. आधी डावा मोजा काढला, मग डाव्या हाताने उजवा ओढून काढला. कापसाचे बोळे खाली पडले. दोन्ही हात वर घेतले आणि बघायला लागले. डाव्याकडे. मग उजव्याकडे. जिथे बोटं नव्हती तिथे सर्वांत जास्त वेळ बघितलं. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते त्यांचं त्यांना माहीत.

मग हात खाली घेतले, बटणांवर ठेवले आणि दाबले. धाड.

पत्रा काढला, दुसरा ठेवला. धाड. उजवा हात आता बटणावर वेळेत पोहोचत होता. त्यांची क्रेट माझ्याहून पुष्कळ उशिरा संपली. दुसरी ओढून घेतली, आणि सुरू करायच्या आधी पुन्हा दोन्ही तळहात वर. सावकाश, घाई नाही.

शेठनी घड्याळ बघितलं. "काका, आज गाडी भरायची आहे. दरवेळी नको ना, जरा पटापट हात उचला."

रंगनाथभाऊंनी हात खाली घेतले नाहीत. हातांकडेच बघत म्हणाले, "सनी, आठ आहेत. आठच्या आठ संध्याकाळी घरी न्यायची आहेत मला."

शेठ वळले आणि केबिनकडे गेले. गेटचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझे डोळे भरून आले. लोकांसमोर रडायची मला सवय नाही, म्हणून मी पटकन पत्रा ठेवला आणि बटणांकडे हात नेले.

"माजिदा!" भाऊ ओरडले. आजूबाजूच्या मशीनच्या दणक्यातही ऐकू आलं. "थांब. आधी डोळे पूस."

मी हात मागे घेतले आणि डोळे पुसले.