शिवलेली रात्र

पडदेवालीला त्या घराची सगळी मापं तोंडपाठ होती. घर अजून मिळालं नव्हतं, एवढंच.

शहराच्या कडेला नवी वसाहत आखलेली होती. सरळसोट रस्ते, रस्त्यांना नावांऐवजी आकडे, काठ्यांना बांधलेली कोवळी झाडं आणि दोन-दोन खोल्यांची एकसारखी घरं. यादीत नाव घातलं तेव्हा त्यांचा नंबर तीनशे बारा होता. सात वर्षांत तो मुंगीच्या पावलांनी चौदावर आला. दर रविवारी नवरा-बायको नमुन्याचं घर बघायला जात. तिथे टेबलावर मेणाची सफरचंदं होती, कपाटात पुठ्ठ्याची पुस्तकं. वसाहतीच्या ऑफिसातली किल्लीवाली बाई आताशा नुसती दार उघडून द्यायची. "जाताना ओढून घ्या. आणि मास्तर, सफरचंद चावू नका."

मास्तर म्हणजे पडदेवालीचा नवरा. बेकरीत रात्रपाळीला भट्टी त्याच्याकडे. सकाळी सातला भुवयांवर पीठ घेऊन घरी यायचा, आठला आडवा व्हायचा तो चारपर्यंत. घर म्हणजे गल्लीच्या पोटातली एकच खोली. तिथे सूर्य ऐकून माहीत, त्यामुळे अंधाराला तोटा नव्हता. तोटा होता तो आवाजाला. नवरा झोपला की पडदेवालीचं शिलाई मशीन मुकं व्हायचं. अकरा वर्षं ती सकाळची सगळी कामं हातशिलाईने करत आली होती. दुमड हाताने, चुण्या हाताने, कड्या हाताने. बोटाच्या पेरांना घट्टे पडले होते आणि अंगठा आता सुई धरताना कुरकुरायचा.

"मला एक दार मिळालं तरी पुरे," ती म्हणायची. "अलीकडे माझं मशीन, पलीकडे तुमची झोप."

"आणि दाराभोवती घर?"

"ते आलं तर येऊ दे बापडं."

नमुन्याच्या घराची मापं घेऊन तिने पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. झोपायच्या खोलीची खिडकी मागे, पश्चिमेला. सकाळी तिथे गार सावली. म्हणून तिथल्यासाठी पातळ, फिकट निळे. नणंद एकदा आली आणि पेटीतली घडी बघून हसली. "बाळाआधी टोपडं तसं घराआधी पडदे, वहिनी?"

"टोपडं तयार असलं की बाळाला यावंसं वाटतं, ताई," पडदेवाली म्हणाली आणि सुईत दोरा ओवताना गुणगुणली:

ओळ लांब लांब बाई, ओळीत मी सुई
धीराचा गं दोरा माझा तुटायाचा नाही

एका सोमवारी निरोप आला. पुढच्या काही जणांनी नावं मागे घेतली होती, नंबर लागला होता. मास्तर भट्टीवरून परस्पर वसाहतीत आला, पडदेवाली बसने. किल्लीवालीने सातव्या रस्त्यावरचं दार उघडलं. तेच घर, तोच ओटा, तीच खिडकी. पडदेवाली झोपायच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. खोली उन्हाने काठोकाठ भरली होती.

"ही समोरची ओळ," किल्लीवाली म्हणाली. "नमुन्याच्या घराकडे तोंड करून बांधलेली. त्याची पाठ पश्चिमेला, हिची पूर्वेला."

सात वर्षं मापं घेतली, पण आपल्याला घर रस्त्याच्या पलीकडलं मिळेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दात आले तर चणे गायब.

"उद्या दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर नाव यादीच्या शेपटाला."

"हो म्हणून टाकू," मास्तर म्हणाला. "मी डोक्यावरून पांघरूण घेईन."

"ताईंच्या उजेडाच्या घरी तीन दिवस राहिलात, तेव्हाही घेतलं होतं पांघरूण. तिसऱ्या रात्री भट्टीपाशी डुलकी लागली आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतलात." तिने त्याच्या हातावरच्या डागाकडे बघितलं, मग खिडकीकडे. बराच वेळ बघितलं. "अहो, अकरा वर्षं मी लोकांच्या खिडक्या झाकतेय. एक तुमची झाकता येणार नाही?"

मग किल्लीवालीला म्हणाली, "उद्या सकाळी आठला चावी द्याल? हे झोपून बघतील."

"लोक नळ सोडून बघतात, भिंत ठोकून बघतात," किल्लीवाली म्हणाली. "झोपून बघणारे तुम्हीच पहिले."

त्या दुपारी चारला मास्तर उठला, तेव्हापासून मशीन थांबलंच नाही. बाहेरून पांढरं कापड, ऊन परत पाठवायला. मध्ये जाड काळं, उरलंसुरलं गिळायला. आतून गडद निळं, डोळ्याला गोड वाटायला. दोन्ही बाजूंना चौकटीपेक्षा वीतभर जास्त, कारण ऊन चोरासारखं कडेने शिरतं.

मंगळवारी आठला ती हातमशीन मांडीवर घेऊन बसने आली. दांडी बसवलेलीच होती, पडदा ओवला. वर भिंतीशी उजेडाची एक रेघ उरली. पिशवीतले ते फिकट निळे पडदे तिने काढले, त्यांची वळकटी केली आणि दांडीमागे ठासली. रेघ गेली. मास्तर चटईवर पडला.

"तुझा चेहरा दिसत नाही," तो म्हणाला.

"झोपा, तेच तर हवंय." तिने दार ओढून घेतलं.

बाहेरच्या खोलीत ती बसली, मांडीवर कापड घेतलं, सुईत दोरा ओवला आणि चार टाके घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हातानेच शिवतोय. तिने सुई पदरात टोचली. मशीनच्या मुठीवर हात ठेवला. एक फेरा, हळू. कान दाराकडे. काही नाही. दोन फेरे. काही नाही. मग तिने मूठ धरून सरळ लांब शिलाई सोडली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढी. सकाळच्या नऊ वाजता स्वतःच्या मशीनचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बाराला किल्लीवाली कागद घेऊन आली. "मग? काय ठरलं?"

पडदेवालीने मशीन थांबवलं. दाराआडून संथ घोरणं आलं.

"सही दोघांची लागते," किल्लीवाली म्हणाली. "कधी उठतात?"

"चारला."

किल्लीवालीने घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं. कागदावर स्वतःच 'होकार' लिहिलं, बारा वाजल्याची नोंद केली आणि चपला काढून भिंतीला टेकून बसली.

"बाई, थांबू नका," ती पाय पसरत म्हणाली, "बरं वाटतंय ऐकायला."

पडदेवालीने मूठ फिरवली.